मतपत्रिकेची मागची बाजू

४ ऑक्टोबर

प्रिय बेथ,

अनेक आशीर्वाद. तू आणि तुझी दोन्ही मांजरं खुशाल असाल असं धरून चालतो. मी बरा आहे. थंडीची चाहूल लागल्यापासून गुडघा कुरकुरतोय, पण त्याचं म्हणणं मी मनावर घेत नाही. मक्याची कापणी अर्धी झाली. हार्लनने नवा ट्रक घेतला आणि पहिल्याच दिवशी चर्चच्या कुंपणाला घासला. तेव्हापासून तो ‘कुंपणच पुढे सरकलंय’ असं गावभर सांगत फिरतोय.

फोनवर तू काही विचारलंस की मी विषय हवापाण्यावर नेतो, ही तुझी तक्रार खरी आहे. म्हणून आता पत्रच लिहायचं ठरवलं. कागदावर पळायला जरा कमी जागा असते.

तर जाहिरात. तू ती पाहिलीस, रडलीस आणि डेन्व्हरमधल्या सगळ्या ओळखीपाळखीच्यांना पाठवलीस. इकडेही कुणी पाहायचं राहिलेलं नाही. फुटबॉलची मॅच लागली की दर थोड्या वेळाने मी येतो. “मी व्हर्नन टिपेट. सत्तेचाळीस वर्षांचा संसार. माझी रोझलिन स्वयंपाकघरात कोसळली आणि रुग्णवाहिकेला यायला एक्केचाळीस मिनिटं लागली. आमच्या गावची रुग्णवाहिका बंद केली ग्वेन हॉस्टेटलरने. आता तिला वॉशिंग्टनला निवडून जायचंय.” मग माझ्यावर पडदा काळा होतो आणि तिच्याविरुद्ध उभा असलेला तो छान दातांचा माणूस म्हणतो, “मी कर्टिस लॉडर, आणि हा संदेश मला मान्य आहे.”

मॅच बघायची सोय राहिली नाही. मी यायच्या आत टीव्ही बंद करावा लागतो.

कॅफेत शिरलो की हार्लन ओरडतो, “उठा रे, हिरो आले! सही कुठे मिळते हो?” मालकीण कॉफीचे पैसे घेत नाही. पोस्टातल्या बाईंनी खिडकीतून हात बाहेर काढून माझा हात धरला. दुसऱ्या बाजूचीही माणसं आहेतच. डिक शुलर, ज्याच्याशेजारी मी बावीस वर्षं चर्चमध्ये बसलो, तो आता दोन बाकं मागे बसतो. आपल्या रस्त्यावर सगळ्यांच्या अंगणात पाट्या उभ्या आहेत, लॉडरच्या लाल आणि ग्वेनच्या हिरव्या, आणि माणसं कुत्रं फिरवायलाही आपापल्या रंगाच्या बाजूने जातात. शिवाय टपालाने चकचकीत कार्डं येतात, त्यांवर मी. परवा माझ्याच पेटीत माझीच सहा तोंडं एकदम निघाली.

हे ऑगस्टमध्ये झालं. लॉडरच्या कचेरीतून केली नावाची मुलगी आणि कॅमेरावाले दोघं आले. गोड मुलगी. तुझ्या आईचा टोस्टर हलवला, पडदा बदलला. आपला कॉफीचा कप त्यांना पसंत पडेना, त्यांनी बरोबर आणलेला माझ्या हातात दिला. समोरची खुर्ची जरा मागे ओढून रिकामी ठेवली. सात वेळा बोलायला लावलं. सहाव्या वेळी माझा आवाज खरोखरच फुटला. केली हळूच म्हणाली, “काका, अगदी असंच अजून एकदा होईल का?” आणि बेथ, मी तो पुन्हा फोडून दाखवला. टीव्हीवर दिसतो तो सातवा आहे.

तू लिहिलंस की आईला कुणीतरी न्याय दिला, आणि बाबा, मला तुमचा अभिमान वाटतो. लहानपणी तुला सॉफ्टबॉल शिकवणारी ग्वेन अशी निघेल असं वाटलं नव्हतं, असंही लिहिलंस. ग्वेन सभांमधून एवढंच सांगते, की गावाने रुग्णवाहिकेसाठीची जादा घरपट्टी मतदानात फेटाळली, मग ठाणं चालवायला पैसा उरला नाही, आणि काउंटीच्या कारभारी मंडळावर असल्याने बंद करायच्या कागदावर सही तिला करावी लागली. जाहिरातीत ते येत नाही. तीस सेकंदांत किती मावणार?

थंडी वाढतेय, गरम कपडे काढून ठेव.

तुझा,
बाबा

१८ ऑक्टोबर

प्रिय बेथ,

आशीर्वाद. पत्र पोचलं. मांजराच्या कानाचं ऐकून वाईट वाटलं. औषध घालताना टॉवेलमध्ये गुंडाळायचं, म्हणजे ओरखडे निघत नाहीत.

पट्टीबद्दल तू शोधून वाचलंस म्हणतेस. बरोबर वाचलंस. गेल्या वर्षी नोव्हेंबरात मतदान झालं, घरपट्टीत थोडी भर घालून रुग्णवाहिका चालू ठेवायची की नाही यावर. नऊ मतांनी पडली. एक जानेवारीला ठाण्याला कुलूप लागलं आणि मार्चमध्ये तुझी आई गेली. ‘त्या नऊ लोकांना आरशात बघवतं कसं?’ असं तू विचारलं आहेस. नऊ लोक म्हणजे तसे नेमके नऊ नसतात, बेथ. नको म्हणणारे तीनशे अकरा होते. आणि मतपत्रिकेवर तो प्रश्न मागच्या बाजूला छापला होता. शेदीडशे जणांनी पान उलटलंच नाही, कागद तसाच यंत्रात सरकवला आणि घरी गेले. कुणी काय केलं ते कधीच कळत नाही. मतदान गुप्त असतं, ते बरंच आहे.

गेल्या आठवड्यात दुकानात अंडी घेत होतो, तर एक तरुण बाई गाडा ढकलत जवळ आली. गाड्यात बाळ झोपलेलं. म्हणाली, “तुम्ही ते जाहिरातीतले ना? मी ग्वेनलाच देणार होते मत. माझ्या आईचं औषधपाणी तिने लावून दिलं होतं. पण तुम्हाला बघितलं आणि मन फिरलं. तुमच्यासारखा माणूस खोटं कशाला बोलेल?” मी म्हणालो, “बाळ गोड आहे.” अंडी तिथेच विसरून आलो.

काल अग्निशमन दलाचं बीन्सचं जेवण होतं. दरवर्षीसारखं, मोठी काळी कढई, मक्याचा पाव, दोन्ही रंगांची माणसं एकाच रांगेत आणि एकमेकांकडे न बघता. मी जाणार नव्हतो, पण तुझी आई एकही वर्ष चुकली नव्हती. रांगेत अर्ध्यावर गेलो तेव्हा कळलं, की कढईपाशी डाव घेऊन ग्वेन उभी आहे. मागे फिरावं तर मागे सगळं गाव. हार्लन कानाशी लागला, “व्हर्नन, आज तुझ्या वाटीत काय पडेल सांगता येत नाही हं!”

माझी पाळी आली. ग्वेनने वाटी भरली, नेहमीसारखी, हॅमचा तुकडा वर येईल अशी. म्हणाली, “कांदा घालू, व्हर्नन?” मी म्हटलं, “घाल.” तिने घातला, आणि पुढच्याला हाक मारली.

नंतर बाहेर गाड्यांपाशी आमचं दोन मिनिटं बोलणं झालं. ते आज लिहीत नाही. तुझ्यावर राग नाही, लपवतोय असंही समजू नकोस. म्हणजे, लपवतोयच. पण लिहीन.

आज आणखी एक पत्र लिहायचं आहे. ते जमतं का बघतो.

तुझा,
बाबा

८ नोव्हेंबर, रविवार

बेथ,

आज मांजरांची चौकशी करत नाही. हे पत्र उद्या सकाळी जलद टपालाने टाकतो, म्हणजे गुरुवारच्या आत तुझ्या हातात पडेल. गुरुवारी आपल्या साप्ताहिकात माझं पत्र छापून येणार आहे, आणि इथलं कुणी ना कुणी ते तुला पाठवल्याशिवाय राहणार नाही. त्याआधी तू माझ्याकडून ऐकावंस.

पट्टी नको म्हणणाऱ्या तीनशे अकरांत मी होतो.

पान उलटायला विसरलो नव्हतो. उलटलं, वाचलं, पेन धरलं आणि ‘नको’समोरचा गोल नीट काळा केला. कारण सांगू? त्या उन्हाळ्यात गॅरेज वाढवायची परवानगी काउंटीने नाकारली होती. शेजारच्या हद्दीपासून चार फूट कमी पडत होते. ते बरोबरच होतं, मी मोजलं होतं. पण मला राग आला होता, आणि काउंटीला एकदा तरी ‘नको’ म्हणून दाखवावं असं वाटत होतं. एवढंच. याहून मोठं कारण असतं तर तुला लिहायला बरं वाटलं असतं.

त्याच्या आधी ऑक्टोबरात ग्वेन घरोघर फिरत आपल्याकडे आली होती. तुझ्या आईने तिला आत बसवलं, भोपळ्याचा केक कापला. दोघींनी पट्टीच्या कागदावर तासभर डोकी घातली. आई म्हणाली, “आमची दोन्ही मतं धर, ग्वेन.” मग मी तिला गाडीपर्यंत सोडायला गेलो, आणि आईला ऐकू येणार नाही अशा अंतरावर म्हणालो, “माझं धरू नकोस. आमच्या घरात अजून कुणाला रुग्णवाहिका लागलेली नाही.” हेच शब्द, बेथ. बदललेले नाहीत. ग्वेन म्हणाली, “बरं, विचार कर,” आणि गेली.

मतदानाच्या दिवशी परत येताना ट्रकमध्ये तुझ्या आईने विचारलं, “दिलंस ना?” मी म्हणालो, “दिलं की.” ती खूश झाली. नऊ मतांनी पडल्याचं कळलं तेव्हा माझा हात धरून म्हणाली, “जाऊ दे, आपली दोन तरी पडली.” मी तेव्हाही गप्प बसलो. त्यानंतर चार महिने ती माझ्याबरोबर जेवली, माझ्याशी पत्ते खेळली, आणि हेच धरून गेली.

त्या सकाळचं तुला बरंचसं सांगितलंय. एक सांगितलं नव्हतं. मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो आणि ती शुद्धीवर होती. मधेच म्हणाली, “येतीलच आता.” दोनदा म्हणाली. ठाणं आपल्या घरापासून दीड मैलावर, हे तिला माहीत होतं. बंद झालंय हे त्या वेळी ती विसरली होती. मी विसरलो नव्हतो.

मग ऑगस्टमध्ये केली आली. कॅमेरा लावायच्या आधी तिने विचारलं, “काका, आम्हाला सगळ्यांना विचारावं लागतं. उद्या समोरच्या बाजूला तुमच्याविरुद्ध वापरता येईल असं काही?” मी म्हणालो, “नाही.” मतपत्रिकेवर नाव नसतं, आणि ते मी मनात पक्कं धरलं होतं. ग्वेनला माहीत आहे हेही आठवत होतं. ती बोलली तर मी ‘खोटं आहे’ म्हणणार होतो, तेही ठरवून ठेवलं होतं. मला कुणीतरी हवं होतं, बेथ. कुणीही चाललं असतं, फक्त मी नको होतो. सातव्यांदा ग्वेनचं नाव घेतलं तेव्हा माझा मलाच जवळजवळ विश्वास बसला.

आता बीन्सच्या जेवणाचं. बाहेर गाड्यांपाशी मी ग्वेनला विचारलं, “तू बोलत का नाहीस? तुझ्या माणसांना सांगितलं असतंस तर एका दिवसात जाहिरात बंद पडली असती.”

“सांगितलं नाही म्हणून कुणी म्हटलं?” ती म्हणाली. “सांगितलं. जाहिरात लिहूनही तयार होती त्यांची. मी नको म्हटलं.”

“का पण?”

“तू जे बोललास ते तुझ्या दारात बोललास, व्हर्नन. मी बत्तीसशे दारं ठोठावलीयत. लोक काय काय सांगतात, नवऱ्याचं, आजाराचं, काहीही. एकदा ते टीव्हीवर आणलं की कोण दार उघडेल मला?” मग गाडीत बसताना म्हणाली, “मी नाही बोलणार. तुझं तू बघ.”

मी बघितलं, आणि ते असं. त्याच रविवारी तुला पत्र टाकून साप्ताहिकासाठी पत्र लिहिलं. एक पान, सगळं खरं. निवडणुकीबद्दलची पत्रं सोमवारी दुपारच्या आत द्यावी लागतात. मतदानाआधीच्या शेवटच्या अंकात ते नवा आरोप छापत नाहीत, समोरच्याला उत्तर द्यायला वेळ राहत नाही म्हणून. म्हणजे दुसऱ्या दिवशीचा सोमवार हाच शेवटचा. तीस वर्षं वर्गणी भरतोय, नियम मला पाठ आहे. सोमवारी सकाळी नऊ वाजता मी कचेरीसमोर ट्रक लावला. बारा वाजेपर्यंत आत बसून होतो. ओळखीचं कुणी गेलं की खाली वाकून रेडिओशी खटपट करायचो. बाराचा भोंगा झाला आणि, खोटं नाही सांगत, मला सुटल्यासारखं वाटलं. गुरुवारी जाऊन पत्र दिलं. संपादक पॅटने वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाली, “आता आणलंस होय? आता मला घेता येत नाही, तुला ठाऊक आहे.” मी म्हणालो, “अरे देवा, हो का?” तिने माझ्याकडे असं बघितलं, की तेव्हापासून मी त्या बाजूच्या फुटपाथवरून जात नाही.

मतदान झालं. मी ग्वेनलाच मत दिलं. ते सांगून काही उपयोग नाही, आणि सांगताना मला जरा बरं वाटलं, त्याचीही लाज वाटते. ती अठराशे मतांनी पडली. लॉडरच्या कचेरीतून फोन आला, “तुमच्या तीस सेकंदांनी काम केलं, काका,” आणि विजयाच्या जेवणाचं आमंत्रण. मी गेलो नाही. हार्लन गेला, माझ्या नावाने दोनदा वाढून घेतलं म्हणाला.

बुधवारी सकाळी ग्वेन रस्त्याकडेच्या आपल्या पाट्या स्वतःच उपटत होती. मी ट्रक थांबवला, उतरलो, दोन पाट्या उपटल्या, आणि मग तिथेच चिखलात उभा राहून सगळं बोललो. सोमवारच्या तीन तासांसकट. माफी मागितली. तिने ऐकून घेतलं. हातमोजे झटकत म्हणाली, “माझं काय, मी अजून पन्नासचीही नाही. पुन्हा उभी राहीन. पण मला बेथचं पत्र आलं होतं, सप्टेंबरमध्ये.”

मला माहीत नव्हतं, बेथ. तू मला सांगितलं नव्हतंस.

“काय लिहिलंय?” मी विचारलं.

“ते तिचं माझं,” ती म्हणाली. “अक्षर अजून तसंच आहे, मागे झुकलेलं. उत्तर दिलं नाही मी. खरं लिहिलं असतं तर तुझं नाव घ्यावं लागलं असतं, आणि खोटं लिहायचं नव्हतं.” मग पुढच्या पाटीकडे गेली. थोड्या वेळाने तिने मागे वळून न बघता सांगितलं, “पाट्या ट्रकमध्ये टाकतोस का, की नुसताच उभा राहणारेस?” टाकल्या. तिच्या गोठ्यापर्यंत नेऊन दिल्या.

मग पॅटकडे गेलो. ती म्हणाली, “आता छापून कुणाचं भलं होणार आहे, व्हर्नन?” मी म्हटलं, कुणाचंच नाही, तरी छाप. तिने एवढंच विचारलं, “मुलीला सांगितलंस का?” म्हणून हे पत्र.

तू त्या पत्रात ग्वेनला काय म्हणालीस ते मी विचारत नाही. ती सांगणार नाही, आणि तूही सांगू नकोस. पण तू माझी मुलगी आहेस, रागावलीस की हातचं राखून लिहीत नाहीस, त्यामुळे मला अंदाज आहे. त्या बाईने तुला बॅट धरायला शिकवलं, आणि माझ्या तोंडचं ऐकून तू तिला ते लिहिलंस. माझ्या मताची लाज मी कशीतरी बाळगून होतो. तुझ्या हातून मी हे करवलं, हे मात्र मला पेलत नाही.

मला क्षमा कर असं लिहायला बसलो होतो. ते खोडलं. मागायचं आहे ते एवढंच, की ग्वेनला तू दोन ओळी लिही. आणि तिला पाठवलेलं ते पत्र तुला जसंच्या तसं आठवत असेल, तर पुन्हा एकदा लिहून काढ, एकही शब्द कमी न करता, वर तिच्या नावाऐवजी माझं नाव घाल आणि इकडे पाठव. मी ते पूर्ण वाचीन.

तुझ्या आईला ‘दिलं की’ म्हणालेला,
तुझा बाप,
व्हर्नन टिपेट